दारातला सातवा माणूस : कार्यक्रमाचा परिणाम कसा मोजायचा

प्रश्न : आमची संस्था ठाण्यात नौपाड्यात दर हिवाळ्यात तीन संध्याकाळींचा महोत्सव करते. दोन दिवस गाणं, एक दिवस व्याख्यान (यंदाचा विषय ठाणे खाडी). रोज सातशेच्या आसपास माणसं येतात. यंदा प्रायोजकांनी विचारलं, "गर्दी दिसते, पण त्यातून झालं काय ते आकड्यांत सांगा." आम्ही शेवटी फॉर्म वाटतो, साठ-सत्तर परत येतात, सगळ्यांवर 'अप्रतिम'. गेल्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्म पाठवला, त्याचीही तीच गत. कमी खर्चात हे नीट कसं करता येईल?

उत्तर :

ताई, आधी त्या साठ-सत्तर फॉर्मबद्दल बोलू, कारण अडचणीचं मूळ तिथे आहे. सातशेतले सत्तर म्हणजे दहा टक्के. हे दहा टक्के कोण? जे भैरवी संपेपर्यंत थांबले, ज्यांच्या खिशात पेन होतं, आणि ज्यांना तुमच्या संस्थेबद्दल इतकी आपुलकी आहे की घरी जायला उशीर होत असतानाही ते उभ्याउभ्या फॉर्म भरत राहिले. ही तुमची घरचीच माणसं. ती 'अप्रतिम'च लिहिणार. मध्यंतरात उठून गेलेला, मागच्या रांगेत ऐकू न आलेला, बायकोच्या आग्रहाखातर आलेला माणूस त्या गठ्ठ्यात नाही. गूगल फॉर्मचंही तेच. तुमच्या ग्रुपवर आहेत तेच तो उघडतात, आणि त्यातलेही उत्साही तेवढेच भरतात.

माणसं जास्त असली की हा दोष धुऊन निघतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं साप्ताहिकाने छापलं, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते प्रामुख्याने टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून काढले होते, आणि उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे लोकही न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान, पण विचारपूर्वक निवडलेला नमुना घेऊन निकाल बरोबर सांगितला. वीस लाखांनी जे साधलं नाही ते तुमच्या सत्तर फॉर्मनी कसं साधेल?

म्हणून माझं पहिलं सांगणं : फॉर्म वाटणं बंद करा. कोण उत्तर देणार हे प्रेक्षकाने ठरवायचं नाही, तुम्ही ठरवायचं.

याची पद्धत सोपी आहे. बाहेर पडायच्या प्रत्येक दारात एक स्वयंसेवक उभा करा. बाहेर जाणारी माणसं तो मोजेल, आणि दर सातव्या माणसाला थांबवून दोन मिनिटं मागेल. सातशेत शंभर जण येतील. नकार वजा जाता ऐंशी उत्तरं हाती लागली, तरी आकड्यात इकडे-तिकडे दहा टक्क्यांच्या आसपास चूक धरून चालता येतं. ती पाच टक्क्यांवर आणायची तर अडीचशे उत्तरं लागतील. तुमच्या कामाला त्याची गरज नाही. 'साठ टक्क्यांना मागे ऐकू आलं नाही' हा आकडा खरा पन्नास असो की सत्तर, तुम्ही ध्वनिव्यवस्था बदलणारच आहात.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. सातवा म्हणजे सातवाच. स्वयंसेवक नकळत हसऱ्या चेहऱ्याच्या, आपल्या वयाच्या, एकट्या माणसाकडे वळतो. काठी टेकत येणारे आजोबा, कडेवर झोपलेलं मूल घेतलेली आई, फोनवर बोलत घाईने निघालेला तरुण यांना तो टाळतो. नेमकी हीच माणसं आपल्याला हवी असतात. सातव्या असलेल्या बाईंना प्रश्न विचारला की शेजारचे 'अहो' उत्तर देतात, हेही दर वेळी घडतं. स्वयंसेवकाला आधीच सांगून ठेवा, "काका, तुमचंही ऐकतो, पण आधी काकूंचं लिहून घेतो." आणि ज्याने नकार दिला त्याचीही नोंद हवी : बाई की पुरुष, अंदाजे वय, एकटे की कुटुंबासोबत. नकार देणाऱ्यांत तरुण जास्त दिसले, तर तुमच्या निष्कर्षात तरुण कमी आहेत हे तुम्हाला निदान कळेल.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वयंसेवक दारात शेवटी येऊन उभा राहायचा नाही. पहिल्या आलापापासून तो तिथे हवा. मध्येच उठून जाणाराही मोजला जाईल, आणि सातवा आला तर त्यालाही विचारलं जाईल.

याचं मोल मला एका अनुभवातून कळलं. तलावपाळीजवळच्या एका कार्यक्रमात आयोजक हवालदिल होते. दुसऱ्या गायिका बसल्या की नऊच्या सुमाराला माणसं उठायला लागायची. दोन वर्षं हेच चाललं होतं, आणि समितीत जवळजवळ ठरलं होतं की त्या शैलीचं गाणं ठाण्यात चालत नाही. आम्ही दारात उभे राहिलो. उठून जाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गाण्याविषयी एक वाईट शब्द काढला नाही. त्यांना घोडबंदर रोडला जायचं होतं. कासारवडवलीकडची टीएमटीची बस आणि शेअर रिक्षा उशिरा मिळत नाही, रांग लागते, उद्या सकाळी शाळेचा डबा आहे. एका बाई चप्पल घालता घालता म्हणाल्या, "हो, अर्धवट सोडून जाताना जिवावर येतं." पुढच्या वर्षी कार्यक्रम साडेसहाऐवजी सहाला सुरू केला आणि मध्यंतर दहा मिनिटांवर आणलं. माणसं बसली. एका कलावंतावर विनाकारण बसणारा शिक्का वाचला, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते.

आता काय विचारायचं ते पाहू.

'कार्यक्रम कसा वाटला?' हा प्रश्न टाळा. आपल्याकडे कार्यक्रम म्हणजे पाहुणचार. जेवून उठलेला पाहुणा यजमानाच्या तोंडावर आमटी खारट झाली असं म्हणत नाही, तसा श्रोताही संस्थेचा बिल्ला लावलेल्या पोराला 'रटाळ होता' असं म्हणणार नाही. एकदा मफलर गुंडाळलेले एक आजोबा माझ्या वाट्याला आले. "कसा वाटला कार्यक्रम?" "उत्तम! फारच छान." मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "घरी गेल्यावर पहिली कुठली गोष्ट सांगाल?" क्षणभर थांबून ते म्हणाले, "सांगेन की तबला एवढा मोठा लावला होता की शब्द कळले नाहीत. बंदिश ओळखीची होती म्हणून निभावलं." दोन्ही उत्तरं एका मिनिटात, एकाच माणसाची. तेव्हापासून हा 'घरी काय सांगाल' माझा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर जसंच्या तसं, त्याच्या शब्दांत लिहून घ्यायचं. स्वयंसेवक शक्यतो संस्थेबाहेरचे घ्या. कॉलेजची मुलं चांगली. अंगावर प्रायोजकाचा टी-शर्ट मुळीच नको.

गुण मागायचे असतील तर एका गोष्टीकडे लक्ष द्या. प्रायोजकांकडची मंडळी बहुधा 'नेट प्रमोटर स्कोअर' मागतील. फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ साली मांडलेली ही पद्धत आहे. 'दुसऱ्याला सुचवाल का?' याला ० ते १० गुण द्यायचे. ९-१० देणारे चाहते, ७-८ देणारे तटस्थ, ६ आणि त्याखालचे सगळे नाराज. चाहत्यांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा करायची. पण आपण ज्या शाळांत शिकलो तिथे ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. दहापैकी सहा देणाऱ्या निवृत्त शिक्षकाच्या मनात त्याने तुम्हाला पहिला वर्ग दिलेला असतो, आणि हे गणित त्याला नाराजांत टाकतं. आठ गुण मनापासून दिले तरी ते शून्यात जातात. ठाण्यातल्या साठीच्या श्रोत्यांवरून काढलेला हा आकडा दुसरीकडच्या आकड्याशी ताडून पाहणं मला चुकीचं वाटतं. फार आग्रह झाला तर तो आकडा द्या, पण तुमच्याच मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करा. इतर कुणाशी नको.

गुण घ्यायचेच तर अख्ख्या संध्याकाळीला एक गुण घेऊ नका. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं की एखादा अनुभव आठवताना माणूस त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवरून मत बनवतो. मधला वेळ जवळजवळ गळून जातो. गाण्याच्या मैफलीत शेवट म्हणजे भैरवी. भैरवी रंगली की आधीचं पाऊण तासाचं रेंगाळलेलं निवेदन, पाहुण्यांचे सत्कार, शाली-श्रीफळं हे सगळं माफ होतं आणि दारात नऊ गुण मिळतात. पुढच्या वर्षी तीच माणसं निवेदनाच्या वेळात पोहोचतील अशा बेताने उशिरा येतात. म्हणून भाग सुटे करून विचारा : निवेदन, पहिलं गाणं, आवाज, बसायची जागा, मध्यंतरातला चहा.

लोक तोंडाने सांगतात त्याहून जास्त त्यांच्या वागण्यातून दिसतं, आणि ते पाहायला खर्च नाही. मी शक्य तेव्हा मागच्या कोपऱ्यात किंवा बाल्कनीत उभा राहतो आणि दर दहा मिनिटांनी अंधारात पेटलेले मोबाइल मोजतो. गाणं रंगात असताना चार-पाच निळसर चौकोन दिसतात. आभारप्रदर्शन सुरू झालं की काजवे उठावेत तसे पन्नास-साठ पेटतात. वहीत वेळ आणि आकडा एवढंच लिहायचं. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमपत्रिका शेजारी ठेवली की कुठे माणसं सुटली ते स्पष्ट दिसतं. समितीत या वहीवर वाद होत नाही, कारण ते कुणाचं मत नसतं.

मोजणीचं थोडक्यात सांगतो. बंदिस्त सभागृहात सुरुवातीला, मध्यंतरानंतर आणि शेवटी खुर्च्या मोजा, हे तिन्ही आकडे द्या. उघड्या मैदानावर 'पाच हजारांचा समुदाय' असं लिहू नका. अमेरिकेतले पत्रकारितेचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी १९६०च्या दशकात चौकटी पाडून गर्दी मोजायची रीत बसवली. मोकळ्या गर्दीत एका माणसाला साधारण १० चौरस फूट लागतात, दाटीत साडेचार. तुमचं मैदान ६० बाय १०० फुटांचं असेल तर मोकळ्या गर्दीत ६०० माणसं, दाटीने उभी राहिली तर तेराशे. पाच हजार तिथे मावत नाहीत, आणि प्रायोजकाकडच्या कुणालाही हा भागाकार येतो.

आता प्रायोजकांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. 'झालं काय?' याचं उत्तर कार्यक्रमानंतर शोधायला निघालात तर मिळणार नाही. आत्ताच त्यांच्यासोबत बसा आणि विचारा, "आमच्यामुळे काय बदलावं असं तुम्हाला वाटतं?" नाव लोकांच्या लक्षात राहावं? त्या नावाबद्दल बरं मत व्हावं? की खरोखरच ठाणेकरांनी खाडीकडे पाहायला लागावं? प्रत्येकाचं मोजमाप वेगळं. प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, 'याचं उत्तर अमुक आलं तर आम्ही तमुक बदलू.' जिथे काहीच बदलणार नाही तो प्रश्न खोडा. माझ्या अनुभवात पंचवीस प्रश्नांचे सहा होतात.

नाव लक्षात राहिलं का ते पाहायचं तर आधी काहीही न सुचवता विचारा, "या कार्यक्रमाला कुणी मदत केली होती, आठवतं?" मग पाच नावांची यादी दाखवा, आणि त्यात एक असं नाव घाला ज्याचा कार्यक्रमाशी काडीचाही संबंध नव्हता. समजा, तुमच्या प्रायोजकाचं नाव शंभरांतल्या पन्नासांनी ओळखलं, आणि त्या खोट्या नावालाही तिसांनी 'हो' म्हटलं. मग खरी ओळख पन्नासांची नाही, पुष्कळ लोक भिडेखातर मान डोलावत आहेत. हे खोटं नाव घातल्याशिवाय मी कुठलाही असा आकडा स्वीकारत नाही. फार वर्षांपूर्वी वाशीच्या एका प्रदर्शनात आम्ही एका कंपनीसाठी असं सर्वेक्षण केलं आणि भरघोस आकडा दिला. नंतर कळलं की आमच्या मुलांनी सगळ्या मुलाखती फुकट पिशवीसाठी लागलेल्या रांगेत घेतल्या होत्या, आणि पिशवीवर त्या कंपनीचं नाव छापलेलं होतं. त्या आकड्यावर विसंबून कंपनीने पुढच्या वर्षीचा खर्च ठरवला होता. मी जाऊन सांगितलं, अहवाल मागे घेतला. तेव्हापासून पहिल्या तासाच्या मुलाखती मी स्वतः दारात उभा राहून ऐकतो.

व्याख्यानाच्या दिवशी तुम्हाला एक चांगली सोय आहे. तिथे माहिती बदलते, आणि ते मोजता येतं. आत येणाऱ्या पन्नास जणांना तीन साधे प्रश्न विचारा, बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या पन्नास जणांना तेच तीन. उदाहरणार्थ, ठाणे खाडीत फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे हे माहीत आहे का (ते २०१५ साली जाहीर झालं), खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला हे ऐकलंय का, खारफुटी तोडली तर पुराचं पाणी कुठे जाईल असं वाटतं. माणसं वेगळी हवीत. एकालाच दोनदा विचारलं तर तो व्याख्यानात फक्त तेवढीच उत्तरं शोधत बसतो. आतल्या आणि बाहेरच्या आकड्यांतला फरक ही तुमच्या वक्त्याची कमाई. मध्येच उठून गेलेल्यांनाही बाहेरच्या पन्नासांत धरा, नाहीतर ही कमाई फुगलेली दिसेल.

पण माहिती वाढली म्हणजे माणूस बदलला असं नाही. प्रशिक्षणाच्या क्षेत्रात डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली चार पायऱ्या सांगितल्या : आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, आणि त्यातून फळ काय मिळालं. आपले बहुतेक अहवाल पहिल्या पायरीवरच बसून असतात. तिसऱ्या पायरीसाठी सहा आठवड्यांनी फोन करावा लागतो. दारातल्या मुलाखतीच्या शेवटी विचारा, "दीड महिन्यांनी एक फोन केला तर चालेल?" होकार देणाऱ्यांचाच नंबर घ्या, कशासाठी घेतोय ते सांगा, काम झालं की खोडून टाका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आल्यापासून तर हे जपूनच करायला हवं, आणि अठरा वर्षांखालच्यांचे नंबर पालकांच्या संमतीशिवाय नकोत. तो नंबर पुढच्या वर्षीच्या तिकिटांच्या जाहिरातीला वापरलात, तर त्या माणसाने दुसऱ्यांदा तुमच्यावर विश्वास का ठेवावा?

फोनवर इराद्याबद्दल विचारू नका. 'पुढच्या वर्षी याल का?' याला कुणी नाही म्हणत नाही. झालेल्या गोष्टी विचारा. "त्यानंतर खाडीकडे जाणं झालं का?" हिवाळा म्हणजे फ्लेमिंगोंचा मोसम, ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट निघते. चाळीस फोनांत सहा जण मुलांना घेऊन तिथे जाऊन आले असतील, तर प्रायोजकांना द्यायला याहून चांगली गोष्ट मला सुचत नाही. गाण्याच्या दिवसांसाठी विचारा, "त्यानंतर तिकीट काढून कुठल्या कार्यक्रमाला गेलात?" त्याच वयाच्या, तुमच्याकडे न आलेल्या काही शेजाऱ्यांनाही हेच विचारा. तुलना असल्याशिवाय तो बदल तुमचा की एरवीही झालाच असता, हे ठरत नाही.

या न आलेल्यांकडे आपलं फार दुर्लक्ष होतं. २०११च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर होती, आणि तुमच्याकडे येतात रोज सातशे. सात-आठ जणांना एखाद्याच्या दिवाणखान्यात चहाला बोलवा. नौपाड्याबाहेरचे, तिशीतले, गाणं ऐकणारे पण तुमच्याकडे कधीच न आलेले. संस्थेचं कुणीही तिथे बसायचं नाही. अशा एका बैठकीत एक मुलगी म्हणाली होती, "तिथे सगळे एकमेकांना ओळखतात. मी गेले तर सगळे वळून बघतील असं वाटतं." हे वाक्य कुठल्याही फॉर्मवर आलं नसतं. तिकिटाचा दर, वेळ, जागा यांवर ती समिती वर्षभर चर्चा करत होती. पुढच्या खेपेला त्यांनी दारात दोन तरुण स्वयंसेवक फक्त नवीन चेहऱ्यांना जागा दाखवायला उभे केले.

यंदा सगळं जमणार नाही. सहा मुलं मिळाली तर पहिल्या दिवशी फक्त सराव करा, ती उत्तरं मोजू नका, कारण मुलांचा हात बसायला एक संध्याकाळ लागते. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी दारातला सातवा माणूस, आणि 'काल आला होतात का?' हा प्रश्न सुरुवातीलाच, म्हणजे एकच माणूस दोनदा मोजला जाणार नाही. व्याख्यानाच्या दिवशी आत येतानाचे पन्नास. मग सहा आठवड्यांनी चाळीस फोन. अहवाल एका पानाचा करा, आकड्यांत किती टक्के चूक असू शकते ते वर लिहा, किती जणांनी नकार दिला तेही लिहा, आणि ज्या आकड्याने तुम्हाला वाईट वाटलं तो पहिल्या परिच्छेदात ठेवा. प्रश्नांचे शब्द आणि मोजणीच्या वेळा वहीत उतरवून ती वही संस्थेच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षी कार्यवाह बदलले तरी प्रश्न तेच राहिले पाहिजेत, एकही शब्द न बदलता.